अगुल्हासचा ओघ आणि नैर्ऋत्येच्या लाटा

आफ्रिका खंडाचें अगदीं दक्षिणेकडील टोंक म्हणजे केप ऑफ गुड होप, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीहि समजूत असते. वस्तुतः तें टोंक तेथून आग्नेयेस सुमारें १५० किलोमीटरांवर आहे, व त्याचें नांव अगुल्हास. पोर्तुगीज भाषेंत या शब्दाचा अर्थ सुया. इ. स. १५०० च्या सुमारास या ठिकाणीं होकायंत्राची सुई कोणत्याहि बाजूस न कलतां खऱ्या उत्तरेकडे रोखलेली दिसे, म्हणून पोर्तुगीज खलाशांनीं त्या भूशिराला हें नांव दिलें. याच भूशिरावरून नांव पडलेला एक प्रचंड ओघ आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगत वाहत असतो. हिंदी महासागराचें ऊन पाणी ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे नेणाऱ्या या ओघाची रुंदी सुमारें शंभर किलोमीटर असून, त्यांतून दर सेकंदाला सात कोटी घनमीटरांहून अधिक पाणी वाहतें. त्याच्या मध्यभागीं पाण्याचा वेग ताशीं चार-पांच सागरी मैलांपर्यंत जातो. पृथ्वीवरील कोणतीहि नदी या ओघाशेजारीं ओहोळासारखी ठरेल.

या ओघाची ओळख युरोपीय नाविकांना पांचशें वर्षांपूर्वीं पटली. परंतु त्याच्यावर समोरून लाटा चालून आल्या म्हणजे काय घडतें, हें नीट उमगावयास मात्र विसाव्या शतकाचा बराच भाग जावा लागला. मधल्या काळांतील अज्ञानाची किंमत जहाजांनीं आणि माणसांनीं भरली.

इ. स. १४८८ मध्यें बार्तोलोमेउ दियाश हा पोर्तुगीज कप्तान आफ्रिकेच्या टोंकाला वळसा घालून पलीकडील किनाऱ्यावर थोडासा वर गेला, आणि खलाशांनीं पुढें जाण्याचें नाकारल्यामुळें परत फिरला. त्यानंतर नऊ वर्षांनीं वास्को द गामा त्याच वाटेनें हिंदुस्थानच्या शोधास निघाला. डिसेंबर १४९७ मध्यें त्याचीं जहाजें दियाशनें उभारलेल्या अखेरच्या शिलास्तंभाच्या पुढें गेलीं. येथून थोडें पुढें गेलें कीं कोणाहि युरोपीयानें न पाहिलेला समुद्र लागणार होता. तोंच वारा फिरला, आणि २० तारखेस पाहतात तों जहाजें पुढें जाण्याऐवजीं मागें टाकलेल्या एका बेटापाशीं येऊन पोंचलेलीं! हिशेबाप्रमाणें जेथें असावयास हवें त्याच्या साठ लीग मागें आपण आहोंत, असें या सफरीच्या रोजनिशींत नमूद आहे. शिडें, सुकाणूं, माणसें सर्व कांहीं ठीक असतां पायाखालचें पाणीच त्यांना मागें नेत होतें. पुढें पाठीमागून जोराचा वारा सुटला, तो तीन-चार दिवस टिकला, व त्याच्या बळावर त्यांनीं हा ओघ जिंकला. नाताळच्या दिवशीं जो किनारा दृष्टीस पडला त्याला नाताळ हें नांव मिळालें, तें अद्याप त्या प्रांताच्या नांवांत टिकून आहे.

या हकीकतींतील एक गोष्ट सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. ईशान्येकडे जाणाऱ्या द गामाच्या पाठीवर जो वारा आला, तो अर्थातच नैर्ऋत्येकडील असला पाहिजे. आणि ओघ तर नैर्ऋत्येकडे धांवत होता. म्हणजे त्याला तारणारा वारा व त्याला अडविणारा ओघ हे एकमेकांच्या अगदीं समोरासमोर उभे होते. याच दोघांच्या झगड्यांत पुढें कित्येक जहाजें सांपडावयाचीं होतीं. द गामाला त्यांतून जीव बचावून जातां आलें, व त्यानें तो ईश्वरी प्रसाद मानला.

ओघाचें शास्त्रशुद्ध वर्णन करण्याचा पहिला मान जेम्स रेनेल याचा. हिंदुस्थानच्या जुन्या नकाशांचा ज्यांना परिचय आहे त्यांना हें नांव अपरिचित नसावें. वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षीं, १७६७ सालीं, तो बंगालचा सर्व्हेअर जनरल झाला. त्याच्या आदल्याच वर्षीं कूचबिहारच्या बाजूस मोजणी चालू असतां संन्याशांच्या टोळीशीं गांठ पडून त्याला तलवारीचे जबर वार सोसावे लागले होते, आणि त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला होता. १७७७ सालीं त्यानें हिंदुस्थान सोडलें, आणि पुढच्याच वर्षीं अगुल्हासची उथळ भूमि व तेथील ओघ यांचा नकाशा प्रसिद्ध केला. जमीन मोजणाऱ्या माणसानें पाणी मोजण्यास घ्यावें हें दिसावयास चमत्कारिक, पण रेनेलची रीत दोन्हीकडे एकच होती : स्वतः पाहिलेलें थोडें, आणि इतरांनीं लिहून ठेवलेलें पुष्कळ, यांचा चिकाटीनें मेळ घालावयाचा. जहाज हिशेबाप्रमाणें कोठें असावयास हवें होतें आणि प्रत्यक्ष वेधावरून कोठें निघालें, यांतील अंतर म्हणजे ओघानें केलेली ओढ. शेंकडों जहाजांच्या रोजनिशा चाळून त्यानें हेंच काम पुढें अटलांटिक महासागरासाठीं केलें. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्यें, त्याच्या मुलीनें प्रसिद्ध करविला.

ओघ नकाशावर आला, आणि त्याबरोबर मोहहि आला. पूर्वेकडून केपकडे जाणाऱ्या जहाजाला हा ओघ म्हणजे फुकटची सवारी. ओघाच्या मध्यावरून चाललेल्या आगबोटीला ताशीं चार सागरी मैलांचा लाभ झाला, तर एका दिवसांत जवळजवळ शंभर मैलांची मजल पदरांत पडे. कोळसा वांचे, वेळ वांचे, आणि वेळापत्रक पाळल्याबद्दल मालक खूष होत. या किनाऱ्याजवळ समुद्रबूड जमीन अतिशय अरुंद आहे. शंभर वांव खोलीची रेषा ओलांडली कीं तळ एकदम खोल जातो, आणि ओघाचा जोर नेमका त्या रेषेच्या पलीकडे असतो. तेव्हां वाकबगार कप्तान तो कीं जो त्या रेषेच्या बाहेरच्या बाजूनें, ओघाची पाठ धरून, बिनचूक जहाज हांकतो, अशी समजूत रूढ झाली. तिच्यांत चूक कांहींच नव्हती. मात्र ती चांगल्या हवेपुरतीच खरी होती.

२६ जुलै १९०९ रोजीं रात्रीं वाराटा ही आगबोट डर्बान बंदरांतून केपटाउनकडे निघाली. ती ९,३३९ टनांची, अगदीं नवी, ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला परतणारी, व आपल्या दुसऱ्याच सफरीवर होती. तिच्यावर २११ माणसें होतीं. बिनतारी संदेशाचें यंत्र मात्र नव्हतें. क्लॉड सॉयर नांवाचा एक उतारू डर्बानलाच उतरला. ही आगबोट वरच्या बाजूस जड आहे, ती कलली कीं सरळ होण्यास फार वेळ घेते, असें त्याचें मत झालें होतें, व तशी तार त्यानें आपल्या पत्नीस केली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाराटानें क्लॅन मॅकिंटायर या जहाजाला गांठलें. दिव्यांच्या खुणांनीं दोघांनीं एकमेकांचीं नांवें व मुक्काम विचारले, आणि वेगवान वाराटा पुढें निघून गेली. नऊ-साडेनऊच्या सुमारास ती दिसेनाशी झाली. त्यानंतर ती कोणालाहि निश्चितपणें दिसल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. २८ तारखेस त्या टापूंत नैर्ऋत्येकडून जें वादळ आलें, तसला वारा व तसला समुद्र विरळाच, असें क्लॅन मॅकिंटायरच्या अधिकाऱ्यांनीं पुढें सांगितलें. आरमारी जहाजांनीं शोध घेतला, खास भाड्यानें घेतलेल्या बोटींनीं महिनेच्या महिने समुद्र धुंडाळला. एक फळकूट देखील हातीं लागलें नाहीं.

लंडनमध्यें १९१० च्या डिसेंबरांत चौकशी सुरू झाली. वादाचा सारा रोख जहाजाच्या तोलावर होता. तें वरजड होतें कीं नव्हतें? कप्तान इल्बरी यानें पहिल्या सफरीनंतर याविषयीं मालकांस काय कळविलें होतें? सॉयर यानें साक्षींत आपल्याला पडलेल्या भयसूचक स्वप्नांचीहि हकीकत सांगितली, व वर्तमानपत्रांना पुष्कळ दिवस पुरेल असा विषय मिळाला. फेब्रुवारी १९११ मध्यें निकाल आला तो असा, कीं २८ जुलैच्या असाधारण वादळांत, तिच्यावर आलेल्या पहिल्याच मोठ्या प्रसंगीं, आगबोट बहुधा उलटून बुडाली. तिच्या मालकांचा धंदा तत्पूर्वींच पी. अँड ओ. कंपनीनें विकत घेतला होता. जहाज कसें होतें आणि वारा केवढा होता, या दोनच गोष्टींभोंवतीं निकाल फिरला. त्या काळच्या न्यायाधीशांना दोष देण्यांत अर्थ नाहीं, कारण ओघानें लाटेचें काय होतें याचें गणित तेव्हां कोणाजवळच नव्हतें.

हें गणित मुळांत फारसें अवघड नाहीं. लाट म्हणजे पुढें धांवणारें पाणी नव्हे. पाणी जवळजवळ जागच्या जागीं वर्तुळांत फिरतें. पुढें सरकतो तो आकार, आणि त्या आकाराबरोबरची शक्ति. समजा, खोल व स्थिर समुद्रांत दर दहा सेकंदांनीं एक लाट येत आहे. अशा लाटेचा वेग सेकंदाला सुमारें १५.६ मीटर व दोन माथ्यांमधील अंतर १५६ मीटर असतें. आतां ही लाट समोरून सेकंदाला दोन मीटर, म्हणजे ताशीं सुमारें चार सागरी मैल, वेगानें येणाऱ्या ओघांत शिरली. तिची गति मंदावली. पण दर दहा सेकंदांनीं एक लाट आंत येत आहे, तेव्हां पुढच्या प्रत्येक ठिकाणाहूनहि दर दहा सेकंदांनीं एकच लाट गेली पाहिजे. मध्येंच कोणी लाट नाहींशी होत नाहीं. संख्या तीच आणि गति कमी, म्हणून माथे एकमेकांच्या जवळ येतात. पालखीबरोबरची दिंडी घाट चढूं लागली म्हणजे मागच्या रांगा पुढच्यांच्या अंगावर येतात, त्यांतलाच हा प्रकार. हिशेब केला तर अंतर १५६ मीटरांवरून ११२ मीटरांवर येतें. शक्तीचीहि चाल मंदावते, ती सांचते, आणि लाटेची उंची जवळजवळ दीडपट होते. दहा फुटांची लाट चौदा फुटांची झाली. आंखूड व उंच झाल्यामुळें तिचा चढ मात्र पूर्वीच्या दुप्पट झाला. ओघाचा वेग लाटेच्या मूळ वेगाच्या चौथ्या हिश्शाइतका झाला, तर लाटेची शक्ति पुढें सरकूंच शकत नाहीं, व लाट तेथेंच फुटते. अगुल्हासच्या मध्यावर पांच सेकंदांच्या आंखूड लाटा अशा रीतीनें अडतात. लांब लाटा अडत नाहींत, त्या फक्त ताठ होतात. उलट लाट व ओघ एकाच दिशेस चालले असतील तर लाट पसरट व बुटकी होते, आणि समुद्र शांत झाल्यासारखा भासतो.

ही गोष्ट अनुभवानें जाणणारे लोक जगांत सर्वत्र होते. कोंकणांतील एखाद्या खाडीच्या मुखाशीं ओहोटीचें पाणी बाहेर धांवत असतां समोरून पश्चिमेच्या लाटा आल्या, कीं तेथें केवढा खळबळाट होतो हें तेथील कोणत्याहि तांडेलाला ठाऊक असतें. तो बाहेर थांबून भरतीची वाट पाहतो. फ्लॉरिडाचे खलाशी उत्तरेचा वारा असतां गल्फ स्ट्रीम ओलांडावयास धजत नाहींत. उणीव होती ती या अनुभवाला आंकड्यांत पकडण्याची.

तें काम दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालें. १९४२ सालीं उना नांवाच्या इंग्रज अभ्यासकानें ‘नेचर’ नियतकालिकांत भरती-ओहोटीच्या प्रवाहांवर लाटा कशा बदलतात याचें गणित मांडलें. सैन्य किनाऱ्यावर उतरवावयाचें तर लाटांचें भाकित हवें, म्हणून युद्धाच्या अखेरीस ब्रिटिश आरमारानें शास्त्रज्ञांचा एक गट या कामास लावला. या गटांतील बार्बर व उर्सेल यांनीं १९४८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील पेंडीन येथील लाटांचीं मापें दिलीं आहेत. हजारों मैलांवरच्या वादळांतून आलेल्या लाटांचा ठेका तेथें भरती-ओहोटीबरोबर बारीकसा बदलत असल्याचें त्यांना आढळलें. दूरवरून आलेल्या लाटेनें वाटेंतल्या प्रवाहाची खूण अंगावर बाळगावी, हा शोध मोठा सुंदर होता. त्याच गटांतून पुढें आलेला लॉन्गेट-हिगिन्स आणि कॅनडाचा स्टुअर्ट या दोघांनीं १९६० व १९६१ मध्यें उनाच्या गणितांतील उणीव दाखविली. लाटा पाण्यावर स्वतःचा एक दाब टाकीत असतात. त्या दाबाच्या विरुद्ध रेटा देतांना ओघ आपली कांहीं शक्ति लाटांना देऊन टाकतो, आणि त्यामुळें त्या पूर्वीच्या हिशेबाहून अधिक वाढतात. वर दिलेला दीडपटीचा आंकडा या सुधारलेल्या गणिताचाच आहे.

पण चौदा फुटांची लाट मोठें जहाज बुडवीत नाहीं. त्याच दशकांत या किनाऱ्यावर जें घडलें तें याहून भयंकर होतें. २१ ऑगस्ट १९६४ रोजीं एडिंबरो कॅसल ही २८,००० टनांहून मोठी प्रवासी आगबोट नैर्ऋत्येच्या वाऱ्यांत या मार्गानें चालली होती. लाटा मोठ्या, पण अशा आगबोटीनें भ्यावें इतक्या नव्हत्या. तरीहि कप्तानानें सावधगिरीनें वेग कमी केला. इतक्यांत समोरचें पाणी जणूं नाहींसें झालें. सुमारें तीस अंशांनीं वांकून आगबोटीचें नाक एका खळग्यांत शिरलें, आणि तें वर येण्याच्या आंत पुढच्या लाटेचें पंधरा-वीस फूट पाणी तिच्यावर चढलें. ती वांचली, म्हणून हकीकत कळली.

जून १९६७ मध्यें सुएझचा कालवा बंद पडला, आणि पुढें १९७५ पर्यंत बंद राहिला. इराणी आखातांतील तेल युरोपला नेणारीं जहाजें रांगेनें केपच्या वाटेला लागलीं. भरलेल्या जहाजांची दिशा नैर्ऋत्य, म्हणजे ओघाबरोबर. आणि येणाऱ्या वादळी लाटा बरोबर त्यांच्या तोंडावर. १३ जून १९६८ रोजीं कुवेतहून स्पेनला जाणारें वर्ल्ड ग्लोरी हें ७३६ फूट लांबीचें तेलवाहू जहाज डर्बानच्या जवळपास अशाच समुद्रांत सांपडलें. एका प्रचंड लाटेनें त्याला मध्यभागीं उचलून धरलें, पुढचा व मागचा भाग अधांतरीं लोंबला, आणि पोलादी तक्तपोशीला तडा गेला. नंतरच्या लाटांनीं जहाजाचे दोन तुकडे केले. ३४ माणसांपैकीं २४ प्राणांस मुकलीं. वाराटासंबंधीं तोलाचा वाद घालतां येत होता. या जहाजाला तोलाची अडचण नव्हती.

ब्रिटिश आरमारांतून निवृत्त होऊन केपटाउनच्या विद्यापीठांत प्राध्यापक झालेला मॅलरी यानें या किनाऱ्यावर असाधारण लाटांना तोंड दिलेल्या जहाजांचे वृत्तांत गोळा केले, प्रत्येक प्रसंगींचें हवामान तपासलें, ठिकाणें नकाशावर मांडलीं, आणि १९७४ मध्यें आपला निबंध प्रसिद्ध केला. रेनेलचीच रीत, दोनशें वर्षांनंतर! चित्र विलक्षण स्पष्ट निघालें. बहुतेक सर्व प्रसंग शंभर वांवांच्या रेषेच्या लगेच बाहेर, म्हणजे ओघ जेथें सर्वांत जोराचा तेथें, घडलेले होते. हवेचा क्रमहि ठराविक होता. प्रथम ईशान्येचा वारा ओघाच्या दिशेनें वाहून त्याला आणखी वेग देतो; हवेचा दाब उतरत जातो; मग थंड हवेची आघाडी येऊन पोंचते, आणि थोडक्या तासांत वारा नैर्ऋत्येकडून भणाणूं लागतो. त्या वाऱ्याच्या ताज्या लाटा, आणि दक्षिण महासागरांतील दूरच्या वादळांतून निघालेल्या जुन्या लांब लाटा, अशा एकाहून अधिक फौजा एकाच दिशेनें ओघावर चाल करतात. कधीं कधीं त्यांचे माथे एकावर एक पडतात. त्या अवाढव्य माथ्याच्या अलीकडे तितकाच खोल खळगा असतो. एडिंबरो कॅसलचें नाक शिरलें तें असल्याच खळग्यांत.

आणखी एक कारण नंतर पुढें आलें. लाटेचा माथा मैलोगणती लांब असतो. त्याचा एक भाग ओघाच्या वेगवान मध्यावर व दुसरा मंद कडेवर असला, कीं मधला अधिक मागें रेटला जातो आणि सबंध माथा मध्याकडे वळतो. शाळेच्या कवायतींत रांग वळवावयाची असली म्हणजे एका टोंकाचा मुलगा पावलें आंखूड टाकतो, व रांग त्याच्या बाजूस फिरते, तसें हें होतें. दोन्ही कडांच्या लाटा अशा मध्याकडे वळल्या, कीं भिंगानें उन्हाचे किरण एकवटावे तशी त्यांची शक्ति ओघाच्या मध्यावर एकवटते, आणि तींतून बाहेर पडणें लाटांना कठीण जातें. १९८४ सालीं अमेरिकन अवकाशयानांतून रडारनें या समुद्राचीं चित्रें घेण्यांत आलीं, त्यांवरून लाटांची ओघांतील ही वांकचाल अभ्यासतां आली. आणि १९९८ सालीं रशियन शास्त्रज्ञ लावरेनॉव यानें या शक्तिसंचयाचें सविस्तर गणित प्रसिद्ध केलें. प्रत्येक राक्षसी लाट ओघापासूनच होते असें मात्र समजूं नये. १ जानेवारी १९९५ रोजीं उत्तर समुद्रांतील ड्राउप्नर या मंचावर २५.६ मीटर उंचीची लाट मोजली गेली. तेथें अगुल्हाससारखा ओघ नाहीं. अगुल्हासचें वैशिष्ट्य इतकेंच, कीं येथें धोका कोठें व केव्हां, हें आधीं सांगतां येतें.

आणि उपायहि साधा निघाला. समुद्रबूड जमिनीच्या कडेपासून बाहेर वीस मैलांपर्यंत, नैर्ऋत्येचें वादळ असतां, वीस मीटर उंचीच्या लाटा व त्यांच्यापुढें खोल खळगे आढळण्याचा संभव आहे, असा इशारा तेथील नकाशांवर छापला गेला. वायुभारमापकाचा पारा उतरूं लागला आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याची वर्दी आली, कीं जहाजानें उजवीकडे वळून शंभर वांवांच्या आंत, किनाऱ्याच्या बाजूस यावें. तेथें वारा तोच असतो, पण ओघ नसतो, आणि लाटा पुन्हां साध्या लाटा होतात. ताशीं चार मैलांच्या फुकट सवारीवर कांहीं तास पाणी सोडावें लागतें, इतकेंच. क्वचित् एखादा घाईचा कप्तान तितकेंहि सोडीत नाहीं.

वाराटा याच पट्ट्यांत, याच ऋतूंत, याच वाऱ्यांत नाहींशी झाली. तेवढ्यावरून ती अशाच लाटेनें गिळली असें सिद्ध होत नाहीं. ती वरजडहि असूं शकेल, आणि दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूं शकतील. १९९९ सालीं समुद्राच्या तळाशीं एक बुडालेलें जहाज सांपडलें, व तेंच वाराटा असें जाहीर झालें. २००१ च्या आरंभीं संशोधक लहान पाणबुडींतून खालीं उतरले, तेव्हां त्यांना दिव्याच्या उजेडांत रणगाडे आणि रबरी टायर दिसले. तें दुसऱ्या महायुद्धांत जर्मन पाणबुडीनें बुडविलेलें नेल्सी मेडो हें मालवाहू जहाज निघालें. वाराटाचा ठिकाणा अद्याप लागलेला नाहीं.